सायकल, मशीन आणि थकलेला हप्ता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘एलिझाबेथ एकादशी’ हा मराठी चित्रपट पटांगणात पडद्यावर दाखवण्यात आला. त्यानंतर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही वाक्यं नीट केली आहेत. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



चित्रपट संपल्यावर भाषण ठेवणं म्हणजे जेवण झाल्यावर परत पानावर बसवण्यासारखं आहे, हे मला कळतं. म्हणून फार वेळ घेणार नाही असं सचिवांना सांगितलं होतं. त्यांनी हसून मान हलवली, कारण मी वार्षिक सभेतही दरवर्षी तेच सांगतो.

आधी हा चित्रपट कसा ठरला ते सांगतो. रौप्यमहोत्सवात एक संध्याकाळ चित्रपटाची असावी असं ठरलं, तेव्हा मुलांची मागणी होती ख्रिसमसच्या चित्रपटाची. आपल्या जऊळक्यात हे ऐकून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या. पण मुलांचंही चूक नाही. त्यांना नाताळची सुट्टी असते, मोबाईलवर ते चित्रपट दिसतात, आणि चित्रपट असतातही गोड. माझ्या नातीने सुट्टीत मला असे दोन-तीन दाखवले. बर्फ पडलेलं छोटं गाव, घरात काहीतरी अडचण, बहुधा पैशाची. एक लहान मूल, एक रागावलेला म्हातारा, आणि पंचवीस डिसेंबरच्या रात्री सगळं ठीक. अमेरिकेत दरवर्षी डिसेंबरच्या तोंडावर टीव्हीसाठी असे चित्रपट ढिगाने निघतात. खर्च कमी, नट फारसे नावाजलेले नसतात, आणि घरातली सगळी माणसं एकत्र बसून पाहू शकतात.

ते पाहताना माझ्या मनात आलं, की असाच एक चित्रपट आपल्याकडे आहे. फक्त त्यात बर्फाऐवजी बुक्का आहे, आणि पंचवीस डिसेंबरऐवजी कार्तिकी एकादशी आहे. समितीत मी तसं सुचवलं. मुलं म्हणाली, “आजोबा, बोअर झालं तर?” मी म्हणालो, बोअर झालं तर पुढच्या वेळी तुमचा ख्रिसमस. आज मध्येच उठून गेलेलं मूल मला तरी दिसलं नाही. तेव्हा मी जिंकलो असं समजतो.

आता थोडी माहिती. ‘एलिझाबेथ एकादशी’ हा चित्रपट १४ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे बालदिनी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक परेश मोकाशी. दादासाहेब फाळक्यांवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ त्यांचाच. तो भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला होता. या चित्रपटाची लेखिका मधुगंधा कुलकर्णी. त्या वर्षी गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इंडियन पॅनोरमा विभागाची सुरुवात याच चित्रपटाने झाली. पुढे ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान त्याला मिळाला. तो मान त्याने ‘काका मुट्टई’ या तमिळ चित्रपटाबरोबर वाटून घेतला. गंमत म्हणजे त्या तमिळ चित्रपटातही झोपडपट्टीतली दोन पोरं एका पिझ्झासाठी पैसा-पैसा जमवतात. त्या वर्षी पुरस्कार देणाऱ्यांना पोरांचा हिशोब फार आवडलेला दिसतो.

स्मरणिकेत वाचणाऱ्यांसाठी गोष्ट दोन ओळींत सांगतो. पंढरपुरात ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण मुक्ता, म्हणजे झेंडू, आई आणि आजीबरोबर राहतात. वडील नाहीत. वडिलांनी स्वतः जोडून दिलेली एक सायकल आहे, तिचं नाव एलिझाबेथ. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्जाचे हप्ते थकतात, मशीन जप्त होतं. ते सोडवायला पैसे हवेत, म्हणून आई सायकल विकायचं ठरवते. आणि कार्तिकी यात्रेच्या गर्दीत मुलं दुकान थाटून पैसे उभे करायला निघतात. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, की गोड आहे.

माझी अख्खी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे मला कुठल्याही गोष्टीचे दोनच रकाने दिसतात, जमा आणि नावे. चित्रपटाचेही तेच करतो. आधी जमेची बाजू.

जमेची पहिली गोष्ट, या चित्रपटाने कमी पैसा लपवला नाही. कमी पैशातला चित्रपट बऱ्याचदा श्रीमंत दिसायची धडपड करतो. उसनं फर्निचर, एकच बंगला दहा वेळा, आणि गाण्याला महाबळेश्वर. इथे तसं काही नाही. पंढरपूरच्या गल्ल्या, नदीचा घाट, यात्रेची दाटी, घरातला अंधारा जिना. जे आहे ते आहे. एकही मोठा नट नाही. आई झालेल्या नंदिता धुरी, आजी झालेल्या वनमाला किणीकर, आणि मुलं श्रीरंग महाजन, सायली भांडारकवठेकर, पुष्कर लोणारकर. तो गण्या झालेला पुष्कर बोलायला लागला, की मागे महिला मंडळात हशा होत होता, तो मी ऐकला आहे. चेहरे ओळखीचे नसले की फायदा असा होतो, की आपण नटाला बघत नाही, त्या घराला बघतो.

दुसरी गोष्ट, हा चित्रपट पैसे मोजतो. तुम्ही आठवून बघा, किती चित्रपटांत नायकाला ‘पैसे हवेत’ एवढंच असतं. किती हवेत, कुणाला द्यायचे, किती जमले, किती कमी पडतात, हे कुणी सांगत नाही. इथे सांगतात. माल आणायला पैसे कुठून आणायचे, जागा कुठली, गिऱ्हाईक काय घेतं, दिवस संपल्यावर हातात काय उरलं, हे सगळं पोरांच्या तोंडून आपल्याला कळतं. झेंडूएवढ्या पोरीला भांडवल आणि नफा यातला फरक कळतो. आमच्या बँकेत कर्ज मागायला येणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना तो कळत नव्हता!

आणि यात्रेचं गाव म्हणजे काय, ते यात दिसतं. पंढरपूरला वर्षातून चार मोठ्या वाऱ्या, आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. बाकी जग तिथे देवाला जातं. गावातल्या माणसाला तेच चार दिवस पोटाचेही असतात. कुंकू-बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे, बांगड्या. आपल्याकडे शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोडवरून पंढरपूरकडे जाते, तेव्हा आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडतो. ते वारकरी जिथे पोचतात, तिथल्या एखाद्या घराला त्या दिवशी काय वाटत असेल, हा विचार मी तरी आयुष्यात केला नव्हता. या चित्रपटाने तो करायला लावला. आणि देवाची कुठे टिंगल न करता लावला.

तिसरी गोष्ट, न्यूटन. ज्ञानेशला संतांबरोबर न्यूटनही तेवढाच मोठा वाटतो. तो न्यूटनचं कौतुक कीर्तनाच्या थाटात करतो. विज्ञान मोठं की भक्ती मोठी, असल्या वादात चित्रपट पडत नाही. पोराला दोन्ही आवडतं, बस. आपल्या घरांतही असंच असतं ना? मुलगा इंजिनियरिंगला असतो आणि परीक्षेला जाताना आजी हातावर दही-साखर देते. दोघांपैकी कुणालाच त्यात काही अडत नाही.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे आई. मराठी चित्रपटातली गरीब आई आपल्याला पाठ आहे. ‘श्यामची आई’ १९५३ साली आला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि तेव्हापासून आपली पडद्यावरची आई पदराने डोळे पुसते आहे. ही आई रडत बसत नाही. चिडते, ओरडते, पोरांना फटकारते. सायकल विकायचा निर्णय तिचा आहे आणि तो तिलाच टोचतो आहे, पण ती तो पोरांना समजावून सांगत नाही, कारण तिच्याकडे तेवढा वेळ नाही. पैसा कमी असलेल्या घरातली आई अशीच असते. प्रेम असतं, पण त्याला सवड नसते.

आता नावेची बाजू. रौप्यमहोत्सव आहे म्हणून नुसतं कौतुक करायचं, हा आपला सार्वजनिक आजार आहे. मी तो आज टाळतो.

पहिला दोष लहान आहे. ही पोरं कधीकधी फारच हुशार बोलतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून एखादं वाक्य येतं आणि वाटतं, हे वाक्य लेखकाने टेबलावर बसून घासून-पुसून दिलं आहे. आपण हसतो, टाळी देतो, पण तेवढ्यापुरतं मूल हरवतं आणि नाटक दिसतं. मोकाशी मूळचे रंगभूमीचे, तेव्हा ते व्हायचंच.

दुसरा दोष, शेवटाकडे गोष्टी जरा पटापट मार्गी लागतात. माणसं ऐनवेळी चांगली होतात. नाताळच्या चित्रपटांतही हेच होतं, आणि सणाच्या चित्रपटाला तेवढी मोकळीक द्यायला पाहिजे. शेवटी लोक घरी आनंदाने गेले पाहिजेत. हा दोष मी नावे टाकतो आणि लगेच माफही करतो.

तिसरा दोष मात्र मला माफ करता येत नाही. तोच सांगायला मी आज उभा आहे.

तुम्ही सगळ्यांनी आत्ता चित्रपट पाहिला. सायकल आठवते, न्यूटन आठवतो, आई-आजी आठवतात. मशीन जप्त करणारा माणूस कुणाला आठवतो? फारसा कुणाला नाही. मलाही त्याचा चेहरा आठवत नाही. हप्ते थकले, मशीन गेलं. जसा पाऊस आला आणि भिंत पडली. त्या माणसाला घर नाही, मन नाही, त्याची कुठली अडचण नाही. चित्रपट त्याच्याकडे वळून बघत नाही. मला हे खटकलं, कारण तो माणूस मी होतो.

हे मी आजवर घरातही नीट सांगितलेलं नाही.

१९८६-८७ ची गोष्ट. वाशीम जिल्हा व्हायला अजून अकरा-बारा वर्षं होती. आपण अकोला जिल्ह्यात होतो. मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर होतो. बँकेचं आणि गावाचं नाव घेत नाही, कारण दोष माझा आहे. तो एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा काळ. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, बैलगाडी अशा वस्तूंसाठी कर्ज, त्यात काही भाग सरकारी अनुदान. उद्देश चांगला होता. गावातल्या एका विधवा बाईला मीच शिलाई मशीनचं कर्ज मंजूर केलं होतं. कर्ज हजार-बाराशेच्या आतबाहेर. आज एवढ्यात एका कुटुंबाचं हॉटेलातलं जेवण होतं.

पहिलं वर्ष तिने हप्ते भरले. मग थकले. का थकले, हे मला आज कळतं, तेव्हा कळून घ्यायची गरज वाटली नाही. गावातल्या शिवणकामाला हंगाम असतो. जूनमध्ये शाळेचे गणवेश, दिवाळी, मग लग्नसराई. मधले महिने मशीनवर कापड टाकून ठेवायचं. आणि आमचा हप्ता होता दर महिन्याचा. काम हंगामाचं आणि हप्ता महिन्याचा, हे गणित जुळणारच नव्हतं. हप्ते तिच्या हंगामाप्रमाणे बांधून द्यायला पाहिजे होते. मुदत वाढवून मागता येत होती. त्यासाठी मला एक प्रस्ताव लिहून वरिष्ठांकडे पाठवावा लागला असता. दोन पानांचं काम. पण मार्च जवळ आला होता, वसुलीची टक्केवारी वर कळवायची होती, आणि थकबाकीच्या यादीत नावं फार होती. मोठ्या थकबाकीदाराच्या वाड्यावर जायला धैर्य लागतं. शिलाई मशीन उचलायला फक्त हातगाडी लागते.

कायद्याचं सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळलेली आहेत. न्यायालयाच्या हुकुमावरही सुताराचा रंधा उचलता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना एवढं कळत होतं, की ज्याच्यावर माणूस कमावतो, तेच नेलं तर तो फेडणार कशातून. पण आमचं मशीन नजरगहाण होतं, म्हणजे वस्तू तिच्याकडे आणि हक्क आमचा. कागद पक्का होता. मी पंच बोलावले, पंचनामा लिहिला, सही केली, आणि मशीन हातगाडीवर घालून शाखेत आणलं. जुन्या लेजरांच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं.

चार दिवसांनी ती बाई शाखेत आली. भांडली नाही. काउंटरच्या अलीकडे उभी राहून म्हणाली, “साहेब, मशीन तुमच्याजोळ हाय. मंग मी शिवू कायनं, अन् भरू कायनं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, “बाई, नियम आहे.”

आठ महिने ते मशीन त्या खोलीत होतं. आठ महिन्यांनी तिने थकबाकी भरली, तीनशे चाळीस रुपये. हा आकडा मला अजून पाठ आहे. त्या वेळी कळलं, की तिचा मुलगा, सहावीतला असेल, बस स्टँडवरच्या हॉटेलात कपबशा धुवायला लागला होता. मशीन परत नेताना पट्टा वाळून तडकला होता, चाकावर गंज चढला होता. तिने पदराने चाक पुसलं आणि पोराने मागून हातगाडी ढकलली. त्या पोराची शाळा सुटली ती सुटलीच, एवढं मला नंतर कळलं. पुढे काय झालं ते माहीत नाही. माझी बदली झाली. मी विचारलं नाही.

आमच्या रजिस्टरमध्ये ते खातं ‘वसुली पूर्ण’ म्हणून बंद झालं. माझ्या त्या वर्षीच्या कामाच्या अहवालात त्याबद्दल चांगला शेरा आहे.

म्हणून चित्रपटात ती पोरं यात्रेत दुकान मांडतात आणि आपण सगळे हसतो, तेव्हा माझं हसू अर्ध्यावर थांबतं. पोराने घरासाठी पैसे मिळवणं पडद्यावर साहस वाटतं. गाणं असतं, दोस्त असतात, चार दिवसांत निकाल लागतो. प्रत्यक्षात ते चार दिवसांचं नसतं आणि त्यात गाणंही नसतं. चित्रपटातली आई पोरांच्या अभ्यासासाठी एवढी का जीव टाकते, ते मला इतर प्रेक्षकांपेक्षा जरा जास्त कळतं. एकदा पोराच्या हातात रोजची कमाई आली, की शाळेची पायरी फार उंच होते. हे चित्रपटाला माहीत आहे, आईच्या रागात ते दिसतं, पण यात्रेच्या रंगात त्याचा विसर पडतो.

आणखी एक बारीक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देतो. आई विणते स्वेटर. आणि गोष्ट घडते कार्तिकात. म्हणजे थंडीची सुरुवात. वर्षात ज्या दोन-तीन महिन्यांत तिच्या मालाला गिऱ्हाईक, नेमकं तेव्हा मशीन तिच्या हातात नाही. हे कुणी मुद्दाम बोलून दाखवत नाही, पण ते तिथे आहे. मला ते पहिल्यांदा पाहताना दिसलं नाही. दुसऱ्यांदा पाहताना दिसलं आणि मी टीव्ही बंद केला. सौ.ने विचारलं काय झालं. मी म्हणालो, डोळ्यांत ड्रॉप टाकायचे राहिले.

तर, देणाऱ्याचा चेहरा. सुरुवातीला ख्रिसमसच्या चित्रपटांचं बोललो. त्यातला सगळ्यात नावाजलेला एक आहे, ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’, १९४६ सालचा, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. तो काही स्वस्तातला चित्रपट नव्हता. खर्च भरपूर झाला आणि पहिल्या खेपेला पुरता वसूलही झाला नाही. १९७४ मध्ये त्याच्या हक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, म्हणून टीव्हीवाले दर डिसेंबरला तो फुकटात दाखवू लागले आणि तो घरोघरी पोचला. कारकुनी चुकीने झालेलं एवढं मोठं भलं मी दुसरं ऐकलेलं नाही.

आपल्या सोसायटीच्या लोकांनी तो जरूर पाहावा, कारण त्याचा नायक जॉर्ज बेली साध्या माणसांना घरासाठी कर्ज देणारी छोटी संस्था चालवतो. आपली गृहनिर्माण संस्थांची जातकुळी त्याच्याच जवळची. एकदा अफवा उठते आणि सगळे ठेवीदार पैसे मागायला येतात. तेव्हा तो त्यांना समजावतो, की तुमचा पैसा माझ्या तिजोरीत नाही, तो तुमच्या शेजाऱ्याच्या घरात, त्याच्या शेजाऱ्याच्या घरात लागलेला आहे. मग लग्नानंतरच्या सहलीसाठी ठेवलेले स्वतःचे दोन हजार डॉलर काढून तो लोकांची तेवढ्यापुरती गरज भागवतो. त्या चित्रपटात कर्ज देणाऱ्याला चेहरा आहे. एक वाईट आहे, पॉटर नावाचा. आणि एक चांगला आहे, जॉर्ज. दोघांच्या हातात नियम तोच आहे, कागद तोच आहे. फरक एवढाच, की जॉर्ज कागद उघडण्याआधी माणसाला ओळखतो.

आपल्या चित्रपटात तो माणूस असता तर? मशीन उचलणारा एखादा कारकून, ज्याला वरून दट्ट्या आहे, जो घरी जाऊन नीट जेवू शकत नाही. तेवढे दोनच प्रसंग असते, तर माझ्या मते हा चित्रपट चांगल्याचा मोठा झाला असता. त्याला जास्त पैसा लागला नसता. एक नट, एक टेबल आणि एक रजिस्टर. कमी खर्चाच्या चित्रपटाला सगळंच परवडत नाही, हे खरं. पण एवढं परवडण्यासारखं होतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतो? कारण सोसायटीला पंचवीस वर्षं झाली आणि त्यातली अकरा वर्षं मी खजिनदार होतो.

आपली सोसायटी म्हणजे मोठ्या शहरातला टॉवर नाही. गावाच्या कडेची ओळीने बांधलेली घरं, मध्ये हे पटांगण, रात्री गाडी आली की शिट्टी ऐकू येते. मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली, पण शिट्टी तशीच कानावर येते. इथे कोण कुणाच्या घरी काय खातं ते सगळ्यांना माहीत. अशा ठिकाणी मी दर एप्रिलला काय करत होतो, ते जुन्या लोकांना आठवत असेल. फाटकाजवळच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लावत होतो. नाव, घर क्रमांक, रक्कम. टाइप करून, सही-शिक्क्यानिशी. वसुली व्हायची. सभेत माझं अभिनंदन व्हायचं, अभिनंदनाचा ठराव टाळ्यांनी मंजूर व्हायचा.

एका वर्षी त्या यादीत एक घर होतं. कोणतं ते सांगत नाही. त्यांनी दोन महिन्यांत पैसे भरले. पण त्या वर्षी गणपतीच्या आरतीला त्या घरातलं कुणी आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. आपण सगळे म्हणालो, माणूसघाणे झालेत. त्या घरात तेव्हा एक मोठं दुखणं चालू होतं, आणि ते आपल्याला कळलं ते पुष्कळ उशिरा. मला दार वाजवायला माझ्या घरापासून चाळीस पावलं चालावं लागलं असतं. मी फलकापर्यंत चाललो, तो त्याहून लांब आहे.

देखभाल शुल्क वसूल झालंच पाहिजे, याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. पाण्याच्या मोटरचं बिल भावनेने भरलं जात नाही. जो मुद्दाम भरत नाही, त्याच्यासाठी सहकार खात्याकडून वसुलीचा दाखला काढायचा रस्ता आहे, तो काढावा. पण मुद्दाम न भरणारा आणि अडलेला, यांच्यात फरक आहे, आणि तो फरक यादीत दिसत नाही. तो दारात दिसतो.

तेव्हा रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने नव्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. फलकावर नाव लावण्याआधी समितीतल्या दोन माणसांनी त्या घरी जावं. चहा प्यावा. विचारावं. हप्ते बांधून द्यायचे असतील तर त्या घराच्या कमाईच्या दिवसाप्रमाणे बांधून द्यावेत. शेतीवाल्याला सोयाबीन विकल्यावर, पगारवाल्याला एक तारखेनंतर. हे लेखी नियमात घ्यावं, म्हणजे खजिनदार कुणीही असला तरी त्याच्या मर्जीवर राहणार नाही. माझ्यासारख्यांना नियम लागतो. नियम नसला की आम्ही दुसऱ्याच नियमाच्या मागे लपतो.

मुलांनो, तुम्ही आज सायकल बघितली. उद्या सकाळी उठल्यावर तुमच्या आई-बाबांना विचारा, आपल्या घरात अशी कोणती वस्तू आहे जी विकावी लागली होती किंवा गहाण ठेवावी लागली होती. प्रत्येक घरात एक असते. माझ्या आईच्या पाटल्या होत्या. त्यांना आम्ही नाव दिलं नव्हतं, एवढंच.

आणि ख्रिसमसचा चित्रपट पुढच्या वर्षी नक्की दाखवू. जॉर्ज बेलीचाच दाखवू, मराठीत समजावून सांगायला मी बसतो. तोपर्यंत प्रकृती ठीक राहिली तर.

सतरंज्या कुणी तरी झटकून ठेवा, दव पडायला लागलं आहे.